गुहागरला कॅम्परव्हॅन न्यायची तर: आधी जागा, मग तिथी, शेवटी गाडी

गुहागरच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, रुतलेली कॅम्परव्हॅन मी तीनदा पाहिली आहे. तिसऱ्या वेळी दोर ओढणाऱ्यांत मीही होतो. रात्रीचे साडेदहा वाजले होते, पाणी मागच्या चाकांना लागलं होतं, गाडीतली दोन लहान मुलं सुरूच्या झाडांखाली पांघरूण गुंडाळून बसली होती आणि त्यांचे वडील सारखं एकच सांगत होते, "संध्याकाळी इथं पाणी नव्हतंच हो!" ते खरं बोलत होते. त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला मावळतीच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते, पुळण मैदानासारखी रुंद आणि कडक दिसते. भरती येते मध्यरात्रीला.

त्या कुटुंबाने तयारी भरपूर केली होती, फक्त उलट्या क्रमाने. बहुतेक जण असंच करतात. आधी गाडी बुक, मग रजेप्रमाणे तारीख, मग नकाशात दिसेल तो रस्ता, आणि रात्री कुठे उभं राहायचं ते गेल्यावर बघू. मी हा क्रम पूर्ण फिरवायला सांगतो. खालची मांडणी पुण्याहून गुहागरला टेम्पो ट्रॅव्हलरएवढी व्हॅन घेऊन तीन रात्रींसाठी जाणाऱ्यांची आहे. हर्णै, वेळणेश्वर किंवा देवगडला जाणार असाल तर गावांची नावं बदलतील, क्रम हाच राहील.

## टप्पा १: रात्री गाडी कुठे उभी राहणार?

गुहागर लांबट गाव आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जाणारा गावचा मुख्य रस्ता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, घरांमागे नारळी-पोफळीची आगरं, पश्चिमेकडच्या आगरांपलीकडे पुळण. चिऱ्याचे गडगे, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणभिंती, रस्त्याला अगदी खेटून. या रस्त्यावरून एसटीही जाते. इथे अंधारात जागा शोधत फिरणं म्हणजे दर वळणावर गाडी मागे घेणं.

माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे घरगुती निवास चालवणाऱ्या एखाद्या कुटुंबाचं अंगण. झोपायचं गाडीत, जेवण, अंघोळ आणि संडास त्यांच्याकडे. याचे पैसे द्यायचे आणि ते आधीच ठरवायचे. खोली न घेता फक्त जागा मागायला लोक संकोचतात आणि मग कुठेतरी रस्त्याकडेला थांबतात. संकोचाचं काही कारण नाही. तीन दिवस चार माणसं त्याच्याकडे जेवणार आहेत, हे घरमालकाच्या दृष्टीने चांगलंच गिऱ्हाईक असतं.

दुसरी जागा गावाच्या वरचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं उघडं पठार. कातळ असल्यामुळे चाक रुतत नाही आणि वारा भरपूर. पण सावली नाही, पाणी नाही, आणि मोकळी दिसणारी जमीन कोणाची तरी असतेच. विचारल्याशिवाय थांबू नका. तिसरी जागा पुळणीजवळची वाहनतळाची. दिवसा ठीक आहे, रात्रीसाठी मी ती निवडत नाही, कारण गर्दीच्या दिवसांत पहाटेपर्यंत गाड्या येत-जात राहतात.

घरमालकाला फोनवर हे पाच प्रश्न विचारा, आणि याच क्रमाने:

1. फाटकाची रुंदी किती? गाडीची रुंदी दोन्ही आरशांसकट मोजायची आणि दोन्ही बाजूंना एकेक फूट मोकळा हवा.
2. फाटकापर्यंतच्या गल्लीवर विजेच्या तारा किंवा फांद्या किती उंचीवर आहेत?
3. गाडी उभी राहील तिथली जमीन कशी आहे? चिरा, कातळ, मुरूम चालेल. आगरातली भुसभुशीत, शिंपणाची ओली जमीन चालणार नाही.
4. पंधरा अँपिअरचा प्लग गाडीपासून किती लांब आहे आणि त्याला अर्थिंग आहे का?
5. संडासाची टाकी सेप्टिक आहे का, आणि आमची कॅसेट, म्हणजे गाडीतल्या संडासाची काढता येणारी मैल्याची टाकी, तिथे रिकामी करू द्याल का?

पाचवा प्रश्न विचारायला बहुतेकांना लाज वाटते. तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. कारण पुढे सहाव्या टप्प्यात येईल.

तपासणी: फाटकात एखाद्या माणसाला उभं करून काढलेला फोटो मागवा. "ट्रक पण येतो आमच्याकडे" या उत्तरावर थांबू नका. चिरे उतरवायला येणारा ट्रक फाटकाबाहेर उभा राहूनही "येतो".

## टप्पा २: तारीख ठरवताना दिनदर्शिका उघडा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ व्हॅनसाठी सर्वांत बरा. मार्चपासून पत्र्याच्या गाडीत दुपार काढणं कठीण होतं. जून ते सप्टेंबर सरळ विसरा: घाटात दरडी, अंगणात चिखल, आणि गाडीत वाळायला घातलेला कपडा तिसऱ्या दिवशीही ओलाच.

हिवाळ्यातही डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. गणपतीच्या आधीचे तीन-चार दिवस मुंबई-गोवा महामार्गावर व्हॅन घेऊन जाणं म्हणजे स्वतःचे आणि चाकरमान्यांचे, दोघांचेही हाल. शिमग्यात पालख्या वाडीवाडीतून फिरतात. तो सोहळा बघायला जरूर जा, पण तेव्हा गावातल्या अरुंद रस्त्यावर व्हॅन हलवायची नाही.

आता तिथी. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदा म्हणजे एक, पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा.

- चतुर्थी: ४ ची पाऊणपट ३. भरती दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास, ओहोटी नऊला.
- अष्टमी: ८ ची पाऊणपट ६. भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास, ओहोटी बाराला.
- द्वादशी: भरती नऊला, ओहोटी तीनला.
- पौर्णिमा, अमावास्या: भरती सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान दिवसा आणि रात्रीही, ओहोटी सकाळ-संध्याकाळ साडेपाच-सहाला.

दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात, त्यामुळे वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. हिशोब अंदाजाचा आहे. नेमक्या वेळेसाठी जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघा. पण पाऊणपट डोक्यात असली की नेटवर्क गेल्यावरही अडत नाही.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं: पाणी जास्त वर चढतं आणि जास्त खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. मुलांना घेऊन पहिल्यांदाच जात असाल तर मी दशमीच्या आसपासचे दिवस निवडीन. दुपारी ओहोटी मिळते आणि पाण्याची ओढ उधाणाइतकी नसते.

सावध: उधाणाच्या दिवशी संध्याकाळी पुळण सर्वांत रुंद दिसते, म्हणजे गाडी घालायचा मोह नेमका चुकीच्या दिवशी सर्वांत जास्त होतो.

## टप्पा ३: आता गाडी

जागा आणि तारीख ठरली की गाडीचं माप आपोआप ठरतं. फाटक आठ फुटांचं आणि गाडी आरशांसकट साडेसात फुटांची असेल तर ती गाडी घेऊ नका. जाहिरातीत चकचकीत दिसणारी मोठी कॅरॅव्हॅन गुहागरच्या गल्लीत बिनकामाची. छोटी व्हॅन आणि बाहेर एक ताडपत्रीचा आडोसा, ही जोडी मला कोकणात कायम बरी वाटली आहे.

स्वतः चालवणार असाल तर पाटी बघा. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर नको म्हणा. अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडतो. ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालते. बहुतेक व्हॅन त्यात बसतात, तरी आरसीवरचं वजन वाचा.

स्वतःची गाडी फेरफार करून नेणार असाल तर बदल आरसीवर नोंदलेले हवेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेतले फेरफार परवानगीशिवाय करता येत नाहीत. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

चालकासकट घेणार असाल तर चालकाच्या झोपण्याची सोय तुम्ही करायची. हे इतकं सर्रास राहून जातं की मला राहवत नाही. माणूस दिवसभर घाट चालवतो आणि रात्री पुढच्या सीटवर पाय दुमडून, डास मारत पडतो. परतीच्या दिवशी त्याच्याच डोळ्यांवर तुमचं सगळं कुटुंब अवलंबून असतं. त्याच्यासाठी खोली घ्या, आणि ती पहिल्या फोनवरच सांगा.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका, एक तास द्या. हे स्वतःच्या हाताने करून बघा:

- टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३२२ म्हणजे २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पाच-सहा वर्षांहून जुना असेल तर बदलून मागा. स्टेपनीचाही वाचा.
- जॅक, पाना आणि ओढण्याचा हूक प्रत्यक्ष हातात घ्या. हूक कुठे अडकतो ते बघून ठेवा.
- टाकीत पाणी भरून सगळे नळ सोडा, मग खाली वाकून गळती बघा.
- कॅसेट रिकामी आणि धुतलेली आहे का ते उघडून बघा.
- गाडीची उंची टेपने मोजा, छतावरच्या एसीसकट. आकडा मोठ्या अक्षरांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा.

उंचीची चिठ्ठी बालिश वाटेल. रेल्वे फाटकाची कमान किंवा गल्लीतली तार समोर आली की एका नजरेत उत्तर मिळतं.

## टप्पा ४: वीज, पाणी, गॅस यांचा हिशोब कागदावर

वीज. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १२०० वॅट-तास. कोकणातल्या उष्म्यात छोटा फ्रिज दिवसाला चारशे ते पाचशे घेतो. वीस वॅटचे दोन पंखे रात्रभर चालले की तीनशेच्या वर. दिवे, फोन मिळून दीडशे. बॅटरी एका दिवसात जवळजवळ संपली. एक टनाचा एसी तासाला हजाराच्या आसपास घेतो, म्हणजे तीच बॅटरी जेमतेम तासभर. बॅटरी साधी लेड-अ‍ॅसिडची असेल तर निम्मीच वापरता येते.

"छतावर सोलर आहे" असं ऐकून लोक निर्धास्त होतात. गुहागरात सावली हवी म्हणून गाडी झाडाखाली जाते आणि पॅनेल अंधारात. त्यामुळे मी घराच्या प्लगवरच विसंबतो. केबल तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची, पंचवीस मीटर. गुंडाळलेली केबल पूर्ण उलगडा. वेटोळ्यात राहिली आणि एसी लावला तर ती तापते, आवरण वितळतं.

पाणी. अंघोळ यजमानांकडे असेल तर माणशी दिवसाला दहा-बारा लिटर पुरतात. शंभर लिटरची टाकी पुण्यातूनच तुडुंब भरून नेण्याची चूक करू नका. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि हे ओझं घाटात ब्रेकवर येतं. पाव टाकी घेऊन निघा, बाकी गुहागरात भरा. प्यायचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये.

गॅस. पाच किलोचं छोटं सिलिंडर, उभं, पट्ट्याने बांधलेलं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी हवा जायची भोकं हवीत आणि गॅसचा अलार्म खाली, पावलांच्या उंचीवर हवा. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून फुगे बघा. प्रवासात रेग्युलेटर बंद.

सावध: बाहेर पेटवलेली कोळशाची शेगडी रात्री ऊब म्हणून किंवा डास पळवायला गाडीत आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद गाडीतला झोपलेला माणूस उठत नाही.

## टप्पा ५: रस्ता, आणि मुख्य म्हणजे घाट

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघू नका. पहाटे पाचला निघा. अंतर अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर आहे. छोट्या गाडीला लागतो त्याच्या दीडपट वेळ व्हॅनला धरा. दुपारी तीनपर्यंत गुहागर गाठायचं, म्हणजे उजेडात गाडी लागते आणि काही बिनसलं तर हाताशी तीन तास राहतात.

मी सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटातून चिपळूण असा जातो. ताम्हिणीतून माणगावला उतरून महामार्गाने चिपळूण हाही रस्ता आहे, पण ताम्हिणीतली काही वळणं लांब गाडीला जड जातात. वरंध घाटात व्हॅन घालू नका. नकाशा तो जवळचा म्हणून सुचवेल, तरीही नाही.

कुंभार्ली उतरायच्या आधी कोयनानगरला दहा मिनिटं थांबा. कपाटांच्या कड्या, सिलिंडरचा पट्टा, फ्रिजचं दार बघा. जड सामान खाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे ठेवा.

उतरताना तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या ओढीवर. घाट चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या चालकांचा नियम व्हॅनला तंतोतंत लागू आहे. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. थोडा वेळ नेमका दाबा, वेग उतरवा, सोडा. लायनर जळल्याचा वास आला, किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, तर पहिल्या रुंद जागी थांबा आणि अर्धा तास काहीच करू नका. तापलेल्या डिस्कवर किंवा ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तडा जातो. मागे वाहनांची रांग लागली म्हणून वेग वाढवण्याची चूक नवखे लोक हमखास करतात. बाजूला घ्या, सगळ्यांना जाऊ द्या, मग निघा.

पोफळी गावाशी घाट संपतो. चिपळुणात डिझेल, औषधं, रोख पैसे, मेकॅनिकचा नंबर हे सगळं उरकून घ्या. तिथून मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत गुहागर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. भाजीपाला शृंगारतळीच्या बाजारात घ्या, म्हणजे गुहागर गावात गाडी लावायला जागा शोधावी लागत नाही.

### फेरीबोटीने यायचं असेल तर

दापोलीच्या बाजूने येणाऱ्यांना दाभोळ-धोपावे फेरी मिळते आणि चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. व्हॅनची अडचण बोटीत नाही, उतारावर आहे. मागच्या चाकांमागे व्हॅनचा बराच भाग लोंबता असतो. ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन पडतो आणि चढताना गाडीची शेपटी घासते. सांडपाण्याची टाकी किंवा नळी नेमकी तिथेच असते. म्हणून अर्ध्या भरतीपासून पूर्ण भरतीपर्यंतच्या वेळेत पोहोचा.

तिकिटाच्या खिडकीवर गाडीची लांबी आणि उंची आधी सांगा. गॅस बंद. चालक सोडून सगळे खाली उतरा. एका माणसाने मागच्या बंपरकडे बघत राहायचं आणि त्याने हात वर केला की थांबायचं. गिअर पहिला, ॲक्सिलरेटर एकसारखा, आणि चढणीवर मधेच थांबणं नाही.

तपासणी: पहिल्या फेरीत जागा मिळाली नाही तर पुढच्या फेरीपर्यंत भरती किती उतरेल, ते पाऊणपटीने काढून ठेवा.

## टप्पा ६: गावात शिरणं, गाडी लावणं, राहणं

शेवटच्या वळणाआधी थांबा. एकाने उतरून चालत पुढे जा: तार, फांदी, गटाराची फरशी, आगराचं बेडं (आडव्या काठ्यांचं फाटक). मग गाडी आत घ्या, आणि शक्यतो उलटी, म्हणजे तोंड रस्त्याकडे. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर ही पाच मिनिटं कामी येतात.

नारळाखाली गाडी लावू नका. सावली छान असते, अंगण झाडलेलं असतं, आणि वर पंधरा मीटरवर घड लोंबत असतो. छताची काच, सोलर पॅनेल, एसीचं झाकण यांतलं काहीही नारळाच्या एका फटक्यात जातं. माणसाबद्दल बोलायलाच नको. वाळकी झावळीही वजनाने कमी नसते. आंबा किंवा फणस मिळाला तर बघा.

दिशा कशी धरायची? दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, दुपारनंतर जोरात. रात्री वारा फिरतो, जमिनीकडून मतलई सुटतो. गाडी अशी लावा की एक खिडकी पश्चिमेला आणि एक पूर्वेला उघडेल, म्हणजे दोन्ही वेळा हवा आरपार जाते. गाडीबाहेर ताणलेलं ताडपत्रीचं छत दुपारी दोनच्या आत गुंडाळा. खाऱ्या वाऱ्याचा एक झोत त्याचे दांडे वाकवायला पुरतो. जाळ्या मात्र उन्हं कलायच्या आधी लावा, सुरूच्या बनाजवळ डास तेव्हाच निघतात.

मासे गाडीत तळू नका. खाऱ्या दमट हवेत तेलाचा वास गादीत बसतो आणि आठवडाभर जात नाही. तळण बाहेर, आडोशाला. किंवा सरळ यजमानीणबाईंना सांगा. त्यांच्या हातचं तिखलं गाडीतल्या एका बर्नरवर तुम्हाला जमणार नाही.

संडासाची कॅसेट रोज सकाळी रिकामी करा, भरायची वाट बघू नका. रिकामी करायची ती फक्त सेप्टिक टाकीच्या संडासात आणि फक्त विचारून. कॅसेटमध्ये घालायचं निळं रसायन निम्म्या मापात वापरा किंवा जैविक पावडर घ्या. फॉर्मल्डिहाइड असलेलं रसायन सेप्टिक टाकीतले जिवाणू मारतं, मग ती टाकी तुंबते, आणि तोपर्यंत तुम्ही पुण्याला पोहोचलेले असता.

रात्री पुळणीवर खड्डा करून किंवा आगराच्या कडेला कॅसेट ओतणारे लोक आहेत. या पट्टीतली जमीन वाळूची, विहिरी उथळ आणि जवळजवळ. ओतलेलं पाणी वाळूतून थेट विहिरीत उतरतं. त्याच विहिरीवर ते घर पाणी पितं. पहिल्या फोनवर पाचवा प्रश्न विचारायचा तो यासाठी.

भांड्यांचं सांडपाणीही टाकीत साठवा. खरकटं आधी कागदाने पुसून काढा, मग यजमान सांगतील त्या ठिकाणी पाणी सोडा. साबणाचं पाणी पोफळीला नको असतं.

### पुळणीवर गाडी नाही

पुळणीवर गाडी घातल्यावर पोलीस गुन्हा दाखल करतात, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. गुहागरच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. पिल्लं त्यानंतर मेपर्यंत बाहेर पडत राहतात. घरटं वरून दिसत नाही. चाकाखाली वाळू दबली की आतली अंडी गेली. गाडीचे प्रखर दिवेही समुद्राकडे रोखू नका. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि भलतीकडे जातात. पुळणीवर रात्री चालायचं तर मंद लाल टॉर्च.

### तरीही चाक रुतलं तर

आगराच्या वाटेवरही वाळू असते, त्यामुळे हे प्रत्येकाला माहीत हवं. क्रम चुकला की गाडी आणखी खोल जाते.

1. चाक जागेवर फिरलं की त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडा. दुसरा प्रयत्न नाही.
2. सगळे उतरा, पाण्याचे कॅन आणि जड सामान काढा.
3. चारही चाकांपुढची आणि बुडाखालची वाळू हाताने किंवा फावड्याने काढा. गाडी पोटावर टेकली असेल तर चाकांपुढची वाळू काढून उपयोग नाही, आधी पोट मोकळं करा.
4. ज्या चाकांना इंजिनचा जोर मिळतो त्या टायरांची हवा साधारण निम्मी करा.
5. त्या चाकांपुढे सुक्या झावळ्या आडव्या दाबून बसवा. पायपुसण्यांपेक्षा त्या चांगल्या धरतात.
6. स्टिअरिंग सरळ, दुसरा गिअर, क्लच हळू. हलली की कडक जमिनीवर पोहोचेपर्यंत थांबू नका.
7. हवा भरल्याशिवाय डांबरी रस्त्यावर वेग घेऊ नका.

दोनदा करूनही निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवा. दोर हुकातच अडकवा, बंपरला किंवा सस्पेन्शनला नाही. ओढताना दोराच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. ताणलेला दोर तुटला तर माणूस जायबंदी होतो. पाणी जवळ येत असेल तर आधी माणसं वर न्या, मग कागदपत्रं, मग गाडीचा विचार.

## टप्पा ७: निघण्याचा दिवस आणि घरी आल्यावर

निघायच्या आदल्या संध्याकाळी केबल सोडून बाकी सगळं आवरा. सकाळी अर्धा तास पुरतो: कॅसेट रिकामी, पाणी पाव टाकी, गॅस बंद, केबल काढून गुंडाळलेली, पायरी आत, छताची झडप बंद. मग एकाने गाडीभोवती एक फेरी मारायची आणि दुसऱ्याने उलट दिशेने दुसरी. उघडी राहिलेली पायरी चिऱ्याच्या गडग्यावर घासते. आमचीही एकदा घासली आहे.

घाट चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा बघत राहा. काटा वर सरकला तर एसी बंद करा आणि थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

परत आल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. चाकांच्या कमानी, ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सरचे जोड, पायरीची बिजागरी. वरून चकचकीत धुतलेली आणि खालून मीठ बसलेली गाडी वर्षभरात गंजू लागते. बॅटरीची टोकं पुसून त्यांवर पेट्रोलियम जेली लावा. भाड्याची गाडी असेल तर परत देताना निदान सांगा की ती समुद्रावर होती.

गाद्या उभ्या करून एक पूर्ण दिवस उन्हात ठेवा. कपाटांची दारं उघडी. पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून झाकण काढून ठेवा, कॅसेट धुऊन उघडी वाळवा, आणि फ्रिजच्या दारात एक फडकं अडकवा म्हणजे ते बंद होणार नाही.